मातेची पछेडी : कापडावरील देवालयाचा अन्वयार्थ

गुजरातमधील लोकचित्रपरंपरांत 'मातानी पछेडी' या कापडी चित्रप्रकाराचे स्थान वेगळे आहे. भिंतीवर, कागदावर किंवा पाटावर देवीचे चित्र काढण्याच्या प्रथा भारतात सर्वत्र आढळतात. पछेडीत मात्र देवीच्या चित्राबरोबर तिचे मंदिरही कापडावर उभे केलेले असते. तीन बाजूंना टांगलेल्या पछेड्या आणि डोक्यावर ताणलेले चौकोनी कापड यांतून नवरात्रात किंवा नवस फेडण्याच्या प्रसंगी देवीचे स्थान तयार होते, आणि विधी आटोपल्यावर ते घडी करून ठेवले जाते. हे चित्र करणारा आणि पुजणारा समाज दीर्घकाळ गावाच्या व मंदिराच्या बाहेर ठेवला गेला. त्यामुळे पछेडीविषयी लिहिताना 'मंदिर नाकारले म्हणून कापडाचे मंदिर केले' हे स्पष्टीकरण बहुधा सर्वांत आधी दिले जाते. प्रस्तुत लेखात पछेडीची रचना, तिचे रंगतंत्र आणि तीवरील देवता यांच्या आधारे हे स्पष्टीकरण कुठवर पुरते, याचा विचार केला आहे.

समाज आणि कापड

पछेडीची परंपरा ज्या समाजाशी निगडित आहे, त्यास पूर्वी वाघरी म्हणत. हा शब्द गुजरातीत हळूहळू शिवीसारखा वापरला जाऊ लागल्याने समाजाने 'देवीपूजक' हे नाव स्वीकारले, आणि आज तेच आदराचे मानले जाते. दातणे विकणे, भाजीपाल्याची फिरती विक्री, जनावरांचा किरकोळ व्यापार, जुन्या कपड्यांची देवघेव हे या समाजाचे परंपरागत व्यवसाय होत. मुंबईकडील मध्यमवर्गीय घरांना जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण चांगली परिचित आहे. त्या व्यवसायातील अनेक स्त्रिया मूळच्या याच समाजातील आहेत. ज्यांच्या देवीचे मंदिर कापडाचे आहे त्यांचीच उपजीविकाही कापडावर चालावी, हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात राहण्यासारखा आहे.

ब्रिटिश राजवटीने १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमातविषयक कायद्यांनी भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हे कायदे १९५२ मध्ये रद्द झाले. गुजरातच्या विमुक्त जातींच्या यादीत वाघरी समाजाची नोंद आहे. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आदी समाजांच्या इतिहासाचा परिचय असणाऱ्यांना या नोंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

या समाजातील जी कुटुंबे पछेडी रंगवतात ती 'चितारा' या नावाने ओळखली जातात. अहमदाबाद हे त्यांचे मुख्य केंद्र असून वासणा भागात काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आहेत. प्रमुख कारागीर रेखाटन करतो. रंग भरणे, कापड धुणे आणि वाळवणे यांत घरातील स्त्रिया व मुलेही सहभागी असतात. पछेडीवर नाव मात्र बहुधा रेखाटणाऱ्याचेच येते, हा या कलेपुरता मर्यादित नसलेला अन्याय आहे.

'पछेडी' या गुजराती शब्दाचा साधा अर्थ अंगावर पांघरण्याचे जाड सुती वस्त्र असा आहे. 'पाछळ' म्हणजे मागे, म्हणून देवीच्या मागे लावायचे कापड ते पछेडी, अशी व्युत्पत्तीही सांगितली जाते. ती वापराशी जुळणारी असल्याने लोकप्रिय झाली; परंतु देवीला वस्त्र अर्पण करण्याची कल्पना पहिल्या अर्थातही आहेच. वर ताणावयाच्या चौकोनी कापडास 'चंदरवो' म्हणतात. मराठीतील 'चांदवा' हा त्याचाच सख्खा शब्द.

रचना : चित्र की वास्तू?

पछेडी आयताकृती असते. मध्यभागी कमानीचे किंवा घुमटीचे देवालय आणि त्यात वाहनारूढ देवी, ही तिची स्थिर चौकट आहे. देवीची आकृती इतर सर्व आकृतींहून मोठी असते. तिच्या अनेक हातांत तलवार, त्रिशूळ आदी आयुधे असतात. देवालयाच्या दोन्ही बाजूंस आडव्या-उभ्या पट्ट्यांत कापड विभागलेले असते. या चौकटींत गणपती, ध्वज घेतलेले भक्त, वाद्ये वाजवणारे, घोडेस्वार, बळीचा पशू घेऊन येणारा भुवो, तसेच रामायण-महाभारतातील व कृष्णकथेतील प्रसंग येतात. वरच्या बाजूस सूर्य आणि चंद्र असतात. कडेने जाड काठ असतो.

या पट्ट्यांतील आकृती सलग कथा सांगत नाहीत. राजस्थानातील पाबूजीच्या फडासमोर भोपा कथा गातो तेव्हा चित्रातील प्रसंग आणि गायन यांचा परस्परसंबंध असतो. पछेडीत अशी क्रमवार कथा शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. येथे बहुतेक आकृती मध्याकडे तोंड करून निघालेल्या दिसतात. ती मिरवणूक आहे. पाहणारा कापडासमोर उभा राहिला की तोही त्या मिरवणुकीतील एक होतो, कारण प्रत्यक्ष विधीत त्याच्या आजूबाजूलाही वादक, ध्वजधारी आणि भुवो हजर असतात. चित्रातील भुवो आणि चित्रासमोरचा भुवो एकाच कामात गुंतलेले असतात. या अर्थाने पछेडी गाभाऱ्याच्या व सभामंडपाच्या भिंतींचे काम करते. दगडी मंदिराच्या बाह्यांगावर जे शिल्पपट असतात तेच येथे कापडाच्या पट्ट्यांवर उतरलेले दिसतात.

भुवो हा मराठी वाचकाला देवऋषी किंवा भगत या शब्दांनी समजेल. त्याच्या अंगात देवी येते, तो भक्ताच्या प्रश्नाचे उत्तर देतो, नवस सांगतो. 'डाकलुं' नावाच्या वाद्याच्या ठेक्यावर हा विधी रात्रभर चालतो. नवस पूर्ण झाल्यावर देवीला पछेडी चढवण्याची प्रथा आहे. त्यामुळे चिताऱ्याचा परंपरागत ग्राहक म्हणजे नवस बोललेला भक्त आणि त्याला सल्ला देणारा भुवो. कोणती देवी मध्ये हवी, हे चितारा ठरवीत नसे.

महाराष्ट्रात गोंधळासाठी अंगणात चौक मांडून, घट बसवून एका रात्रीपुरते देवीचे स्थान निर्माण केले जाते आणि विधीनंतर ते मोडले जाते. गोंधळ आणि पछेडी यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि तात्पुरते देवस्थान ही कल्पना ज्यांना मंदिरे उपलब्ध होती त्यांच्यातही रूढ होती, हे या उदाहरणावरून दिसते. पुढील विवेचनात हा मुद्दा उपयोगी पडणारा आहे.

वाहनावरून ओळख

पछेडीवरील देवींच्या मुद्रा पुष्कळशा सारख्या असतात. ओळख पटते ती वाहनावरून. काळ्या बोकडावर बसलेली ती मेलडी. मगरीवर असेल तर खोडियार. कोंबड्यावर आरूढ झालेली बहुचरा, उंटावरची मोमाई, सिंहावर किंवा वाघावर बसलेली अंबा. गलबतात उभी असलेली ती सिकोतर किंवा वहाणवटी. ती समुद्रावर जाणाऱ्यांची रक्षणकर्ती होय. गुजरातचा शतकानुशतकांचा सागरी व्यापार आठवला की अहमदाबादसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातील कापडावर शिडाचे गलबत का येते, याचा उलगडा होतो.

या देवतामंडळात हडकाई विशेष लक्षवेधी आहे. तिचे वाहन कुत्रा. गुजरातीत 'हडकवा' म्हणजे कुत्रा पिसाळल्याने होणारा रोग. त्यापासून रक्षण करणारी ती हडकाई. शीतलेचा देवीच्या रोगाशी जो संबंध, तोच हडकाईचा श्वानदंशाशी. रस्त्यावर फिरून पोट भरणाऱ्या, उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला पिसाळलेल्या कुत्र्याची भीती किती वास्तव होती, हे लक्षात घेतले म्हणजे या देवीला मध्यवर्ती देवालय का दिले गेले ते समजते. कोणत्याही पुराणात तिच्या माहात्म्याचा शोध घेण्याची गरज नाही.

मेलडीविषयी असेच म्हणता येईल. ती पीडितांची, विशेषतः इतरांनी अव्हेरलेल्यांची देवी मानली जाते. तिच्या नावाचा संबंध गुजरातीतील 'मेलुं' म्हणजे मळके, अशुद्ध या शब्दाशी लावला जातो. अशुद्धतेच्या नावाखाली ज्यांना दूर ठेवले त्यांनी अशुद्धतेलाच देवीच्या नावात स्थान द्यावे, हा अर्थ भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिको न टिको, भक्तांच्या दृष्टीने तो पुरेसा बोलका आहे.

पाण्यातून येणारा रंग

पछेडीचे रंगतंत्र समजून घेतल्याशिवाय तिच्या रूपाचा उलगडा होत नाही. परंपरागत पछेडीत रंग तीनच : लाल, काळा आणि पांढरा. यांपैकी पांढरा हा रंग नसून मोकळे सोडलेले कापड आहे.

प्रथम मांजरपाटासारखे साधे सुती कापड भिजवून, धुऊन त्यातील खळ काढली जाते. नंतर ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात. हिरड्यातील टॅनिन धाग्यात मुरते आणि कापड पिवळसर दिसू लागते. काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात घालून ते मिश्रण बरेच दिवस आंबवले जाते; त्यात चिंचोक्यांचे पीठ शिजवून दाटपणा आणतात. हे द्रावण हिरडा मुरलेल्या कापडावर टेकताच लोह आणि टॅनिन यांचा संयोग होऊन पक्का काळा रंग तयार होतो. सर्व बाह्यरेषा याच काळ्याने काढल्या जातात, त्या बांबूच्या किंवा खजुरीच्या काडीच्या कलमाने अथवा कोरीव लाकडी ठशांनी.

लाल रंगाची प्रक्रिया अधिक रंजक आहे. जेथे लाल हवा तेथे रंग न लावता चिंचोक्यांच्या खळीत कालवलेली तुरटी लावतात. तुरटी रंगहीन असल्याने, कोठवर लावली हे दिसावे म्हणून तीत थोडा कच्चा रंग मिसळतात. म्हणजेच रंगवणाऱ्याला काम करताना प्रत्यक्ष लाल रंग दिसतच नाही. वाळलेले कापड वाहत्या पाण्यात धुतले जाते. हे पाणी वाहतेच हवे. साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी कापडाच्या मोकळ्या भागावर पुन्हा बसते आणि पुढे तेथे लाल डाग पडतात. त्यानंतर तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरिन आणि धायटीची फुले घातलेल्या पाण्यात कापड उकळतात. जेथे तुरटी आहे तेथेच अलिझरिन धरते. उकळत्या पाण्यातून कापड वर येते तेव्हा देवी प्रथमच लाल झालेली दिसते.

पूर्वी हा लाल रंग आल किंवा मंजिष्ठ यांच्या मुळांपासून मिळे. अलिझरिन हे मंजिष्ठेतील मुख्य रंगद्रव्य १८६८ मध्ये जर्मनीत कृत्रिमरीत्या तयार करण्यात आले आणि पुढे ते भारतीय रंगाऱ्यांच्याही हाती पोहोचले. त्यामुळे पछेडी 'संपूर्ण नैसर्गिक रंगांची' असल्याचे विक्रीच्या माहितीपत्रकांतून जे सांगितले जाते ते काटेकोरपणे पाहता नेहमीच खरे नसते. तिची प्रक्रिया प्राचीन आहे, लाल रंगाचा स्रोत मात्र बदलला आहे.

लाल म्हणजे देवी व पृथ्वी, काळा म्हणजे दुष्ट शक्तींचे निवारण, पांढरा म्हणजे पावित्र्य, असा प्रतीकार्थ बहुतेक लेखनात दिला जातो. तो परंपरेत रुजलेला आहे यात शंका नाही. तथापि लोह आणि तुरटी या दोन बंधकांनी सुती कापडावर जे रंग सर्वांत पक्के बसतात ते काळा आणि लाल हेच होत, आणि छापील कापडाच्या अन्य अनेक प्रकारांतही हीच जोडी आढळते. प्रतीकार्थ रंगांना मागाहून प्राप्त झाला असणे अधिक संभवनीय वाटते. 'गुजरातची कलमकारी' असे पछेडीचे वर्णन केले जाते तेही याच तांत्रिक साम्यामुळे. आंध्रातील श्रीकालहस्तीच्या कलमकारीतही हिरडा, लोखंड-गुळाचे पाणी आणि तुरटी यांचाच वापर होतो.

साबरमतीचे वाहते पाणी आणि तिच्या पात्रातील वाळू हा या उद्योगाचा अर्धा कारखानाच होता. धुतलेली कापडे वाळूवर पसरून उन्हात वाळवली जात, त्यामुळे मोकळा भाग पांढरा होई. २००५ मध्ये सुरू झालेल्या नदीकिनारा विकास प्रकल्पात शहरातील दोन्ही काठांवर काँक्रीटच्या भिंती व फरसबंद मार्ग झाले. शहराला त्यातून पुष्कळ काही मिळाले असेल. पण वाळूचा काठ गेला आणि धुण्याच्या जागा शोधणे हा चिताऱ्यांपुढील रोजचा प्रश्न झाला. पछेडीच्या जतनाची चर्चा आकृतिबंधाभोवती फिरते, पाण्याविषयी क्वचितच बोलले जाते.

नाकारलेले मंदिर : स्पष्टीकरणाची मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. देवीपूजकांना मंदिरप्रवेश नाकारला जात होता, हे समाजाच्या स्मृतीत ठाम आहे आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अहमदाबादमध्ये मंदिरप्रवेशाचा प्रश्न किती तीव्र होता, याचा पुरावा न्यायालयीन इतिहासातही आहे. तत्कालीन मुंबई प्रांताच्या १९४७ च्या हरिजन मंदिरप्रवेश कायद्यानंतर तेथील स्वामिनारायण मंदिरात दलितांना प्रवेश मिळू नये म्हणून १९४८ मध्ये दावा दाखल झाला. तो अखेर सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी जानेवारी १९६६ मध्ये प्रवेशाच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान १९५६ च्या मुंबई कायद्याने सर्व वर्गांतील हिंदूंना सार्वजनिक देवालये खुली केली होती. तो कायदा द्विभाषिक राज्याच्या विभाजनानंतर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांकडे आला.

पछेडी ही जर केवळ मंदिराची उणीव भरून काढणारी वस्तू असती, तर कायद्याने दारे उघडल्यावर तिची गरज क्रमाने संपावयास हवी होती. तसे झाले नाही. कायदा झाल्याने व्यवहार लगेच बदलत नाही, हे याचे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे; परंतु ते पुरेसे नाही. ज्या मंदिरांची दारे उघडली तेथे हडकाई नव्हती, मेलडी क्वचितच होती, आणि भुवोला तर तेथे स्थानच नव्हते. बळीचा पशू, अंगात येणे, डाकल्याचा ठेका यांपैकी काहीही त्या मंदिरांत चालले नसते. दुसऱ्याच्या मंदिरात प्रवेशाचा हक्क आणि आपल्या देवीला आपल्या पद्धतीने पुजण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पछेडी दुसऱ्या हक्काशी निगडित आहे, म्हणून पहिला मिळाल्यावरही ती टिकली.

बहिष्काराच्या स्पष्टीकरणाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. मंदिरे नाकारलेले समाज भारतभर होते. त्या सर्वांनी रंगीत कापडाची मंदिरे केली नाहीत. अहमदाबाद हे वस्त्ररंगाई व छपाईचे जुने केंद्र होते. ठसे, हिरडा, तुरटी, नदी आणि कुशल हात हे सारे त्या शहरात एकत्र होते. फिरत्या समाजाला घडी घालून नेता येईल असे देवस्थान हवे होते, आणि शहराकडे ते घडवण्याचे तंत्र होते. बहिष्काराने गरजेला धार आणली. रूप मात्र रंगाऱ्याच्या विद्येने दिले. केवळ बहिष्काराची कथा सांगितली की चितारा हा सोसणारा माणूस तेवढा दिसतो, रसायनाची जाण असलेला कारागीर दृष्टीआड होतो.

भिंतीवरची पछेडी

या कापडाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९६८ मध्ये जोन एरिक्सन यांचे पछेडीवरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे पती, मनोविश्लेषक एरिक एरिक्सन, त्या काळात अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपातील गांधीजींच्या भूमिकेचा अभ्यास करीत होते. पुढे एबरहार्ड फिशर, ज्योतींद्र जैन आणि हकू शाह यांचा सविस्तर ग्रंथ १९८२ मध्ये झुरिच येथून जर्मन भाषेत प्रकाशित झाला. विधी, निर्मिती आणि मूर्तिविचार या तिन्ही अंगांचा त्यात एकत्र विचार असल्याने तो आजही महत्त्वाचा ठरतो.

संग्राहकांची मागणी वाढली तसे पछेडीचे स्वरूपही बदलले. ठशांपेक्षा हाताने रेखाटलेल्या कापडास अधिक मोल येऊ लागल्याने कलमाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. निळा, हिरवा, पिवळा हे रंग आले. रेषा बारीक झाली, चौकटी सैल झाल्या, 'जीवनवृक्षा'सारखे विषय आले. साड्या व ओढण्याही झाल्या. याला ऱ्हास म्हणणे घाईचे होईल. नवसाच्या पछेडीवर ज्या कुटुंबाचे पोट भरत नव्हते त्याला या बदलाने आधार दिला, आणि बारीक रेषेच्या अनेक नव्या पछेड्या कारागिरीत जुन्यांहून सरस आहेत. भुवो आणि भक्त यांच्या वापरातील कापड मात्र वेगळे होत गेले : तेथे थोड्या किमतीत मिळणारी, ठशांची, लाल-काळी पछेडीच चालते.

शासकीय मान्यताही मिळाली. २०२३ मध्ये भानुभाई चुनीलाल चितारा यांना पद्मश्री देण्यात आली आणि त्याच वर्षी पछेडीला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये बाली येथील जी-२० परिषदेच्या वेळी भारताच्या पंतप्रधानांनी ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांना पछेडी भेट दिली होती. ज्या सत्तेच्या काळात भटक्या समाजांना गुन्हेगार ठरवणारे कायदे झाले, त्याच देशाच्या पंतप्रधानांकडे ही देवी गेली.

संग्रहालयात आणि दिवाणखान्यात पछेडी काचेमागे, एकटी, सपाट टांगलेली असते. तिच्या शेजारच्या दोन बाजू नसतात, छत नसते. चंदरव्याची अवस्था याहून विचित्र होते. तो खालून, मान वर करून पाहावयाचा असतो. अनेक चंदरव्यांत मध्यभागी देवी आणि तिच्याभोवती चारही बाजूंना आकृतींच्या रांगा असतात, जेणेकरून खाली बसलेल्या कोणाच्याही डोक्यावर त्यातील एक रांग सरळ यावी. हेच कापड भिंतीवर लावले की एक रांग सरळ दिसते, दोन आडव्या होतात, आणि चौथीतील वादक, ध्वजधारी आणि भुवो डोके खाली करून चालत राहतात.